फाट्याच्या अलीकडे

"उतरू नकोस," विद्याधर म्हणाला. "मी बघतो."

बघण्यासारखं काही नव्हतं. आवाजानेच सगळं सांगितलं होतं. आधी फट्, मग डांबरावर ओलं फडकं आपटत जावं तसं काहीतरी. गाडी डावीकडे ओढली गेली, त्याने ती कशीबशी बाभळीखाली घेतली. इंजिन बंद झालं आणि त्या माळावरची अख्खी दुपार गाडीत शिरली.

माझ्या मांडीवर ती झोपली होती. तोंड उघडं. लाळेने माझी ओढणी भिजलेली.

तो पुढच्या चाकाशी वाकला, उठला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने रस्त्याच्या या टोकाला पाहिलं आणि त्या टोकाला पाहिलं. चाकाकडे पुन्हा बघितलंच नाही. 

"गेलं?" मी खिडकीतून विचारलं.

"पार गेलं."

"मग स्टेपनी..." मी म्हणाले, आणि मला आठवलं.

स्टेपनी मिरजेला होती, आमच्या जिन्याखाली. संस्थेतल्या मुलांसाठी चादरी न्यायच्या होत्या, डिकीत जागा होत नव्हती. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती काढून ठेवली होती.

*

तिच्याबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सोलापूरच्या बाजूला एक संस्था होती, आईबाप नसलेल्या मुलांची. ती तिथेच वाढली. चार वर्षांची होती. संस्थेत तिला आरती म्हणायचे. आम्ही सावनी हे नाव ठरवलं होतं. कोर्टाचा हुकूम यायचा होता, पण तोवर घरी नेऊन सांभाळायची परवानगी मिळाली होती आणि त्या सकाळी आम्ही तिला घेऊन निघालो होतो. मोटारीत ती पहिल्यांदाच बसत होती. फाटकाबाहेर पडलो न पडलो तोच ओकली. थोड्या वेळाने पुन्हा ओकली.

आमचं औषधांचं दुकान आहे. पर्समध्ये उलटीचं औषध असतंच. तिच्या वजनाचा हिशेब करून मी चमच्याने दिलं. उलटी थांबली, आणि तिला अशी झोप लागली की मान धरली नाही तर लटकायची.

आणखी काय? संस्थेत उवा होतात म्हणून मुलींचे केस अगदी बारीक कापलेले. अंगावर आम्ही नेलेला नवा कोरा फ्रॉक. मापाचा अंदाज नव्हता, बसला नाही तर बदलून आणता येईल म्हणून काखेतलं दुकानाचं लेबल तसंच ठेवलेलं. मागच्या सीटवर वाटून उरलेली चॉकलेटची पिशवी.

आता हे सगळं त्या उन्हाळ्यात ठेवून बघा.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच विषय होता. पोरं पळवणारी टोळी फिरतेय. गाडीतून येतात. बरोबर बाईमाणूस असतं, म्हणजे संशय येऊ नये. चॉकलेट देतात, गुंगीचं देतात. दुकानात गिऱ्हाइकं काउंटरवर मोबाइल ठेवून मला व्हिडिओ दाखवायची. कुठल्या गावचा ते कुणालाच माहीत नसायचं. त्यात जमिनीवर पडलेली माणसं दिसायची आणि त्यांच्याभोवती पाय. चेहरे नाहीतच. फक्त पाय.

*

विद्याधर माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. हळू बोलायला लागला. आजूबाजूला बाभळी आणि डाळिंबाची बाग सोडून काही नव्हतं, तरी हळू.

"मागे दगड होता, त्यावर फाटा लिहिलेला. आज तिथे बाजार असणार. पंक्चरवाला मिळेल. मी चालत जातो, त्याला घेऊन येतो."

"आणि मी?"

"तू काच वर करून बस."

"या उन्हात? हिला घेऊन?"

"मग काय करू? रिमवर नेऊ गाडी?"

"रिमवर नेलीस तर आवाजाने अख्खा बाजार वळून बघेल."

"बघू दे ना. मदतच पाहिजे आपल्याला."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या लटकलेल्या मानेकडे, मग लेबलाकडे. त्यालाही ते व्हिडिओ आठवले असणार. तो म्हणाला, "मंदाताईंना लाव."

मंदाताई म्हणजे संस्थेच्या अधीक्षक. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. रेंजची रेघ यायची आणि जायची. फोन एकही लागेना, मात्र वन्संचा मेसेज तेवढा येऊन पडला. *पोचलात का? पोरीला उंबऱ्यावरच थांबवा. दृष्ट काढल्याशिवाय आत घेऊ नका.*

*

विद्याधर चालत जातो. मी काच वर करून बसते. घाम तिच्या कपाळावरून माझ्या हातावर उतरतो. कुणीतरी काचेवर बोटाने टकटक करतं. मी बघत नाही. टकटक वाढते. मग हाताने. मग दगडाने. विद्याधर पंक्चरवाल्याला घेऊन परत येतो तेव्हा बाभळीखाली गाडी असते आणि गाडीत कुणी नसतं.

असं झालं नाही.

आम्ही तिघंही चालत जातो. मी तिला खांद्यावर टाकते. बाजारात भाजीवाली विचारते, काय झालं लेकराला? मी म्हणते, झोपलीय. ती तिचा हात उचलते आणि सोडते. हात खाली पडतो.

असंही झालं नाही. पण गाडीत बसल्या बसल्या मी दोन्ही बघितलं, आणि दोन्ही वेळा शेवटी पायच दिसले.

"एखादी गाडी थांबवू," मी म्हणाले. "ट्रक, टेम्पो, काहीही. बरोबर बायका असतील अशी."

"ती थांबली नाही तर?"

"तर बघू."

तेवढ्यात मोटारसायकल आली. आम्ही हात केला नव्हता. गाडीच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून चाललेला माणूस जवळून गेला, पुढे जाऊन वेग कमी केला, मान वळवून पाहिलं. आणि परत फिरला. मी काच वर केली.

*

"काय झालं वो?"

"पंक्चर," विद्याधर म्हणाला, आणि हसला. अनोळखी माणसाकडे बघून हसायची त्याला सवय नाही. ते हसणं फार वाईट दिसलं.

"मग बदला की."

"स्टेपनी नाहीये."

"स्टेपनी न्हाई?" त्याने गाडी बंद केली. स्टँडवर लावली. कॅन एकमेकांवर आपटले. "लांबच्या रस्त्याला निघालाय, आन् स्टेपनी न्हाई?"

"घरी राहिली."

"घर कुठं?"

"मिरज."

"आन् आला कुठनं?"

"सोलापूरकडून."

तो खिडकीशी आला. दोन्ही तळवे काचेवर टेकून डोळ्यांवर सावली केली आणि आत पाहिलं. माणूस वाईट दिसत नव्हता. कानात बाळी, गळ्यात काळा दोरा, दाढी वाढलेली. पुढे कळलं त्याचं नाव सिद्राम. त्याचं लक्ष आधी माझ्याकडे गेलं. मग तिच्या डोक्याकडे. मग मागच्या सीटवर.

"पोरगी आजारी हाय?"

"झोपलीय," मी काच खाली करून म्हणाले.

"एवढ्या उन्हात?"

"उलट्या झाल्या. औषध दिलंय."

बोलून गेले आणि त्याच क्षणी कळलं.

"कसलं औषध?"

"उलटीचं. आमचं दुकान आहे औषधांचं."

"हां," तो म्हणाला. त्याने तिच्या गालावर फुंकर मारली. ती हलली नाही. "नाव काय हिचं?"

"सावनी," विद्याधर म्हणाला.

"आरती," मी म्हणाले.

एकाच वेळी.

एवढीच एक गोष्ट ठरायची राहिली होती. विद्याधर म्हणत होता, पहिल्या दिवसापासून नवीन नावाने हाक मारू. मी म्हणत होते, आधी रुळू दे, तोवर तिचं तिला ठाऊक असलेलं नाव राहू दे. भांडलो नव्हतो, नुसतं पुढे ढकललं होतं.

(विद्याधर म्हणतो, मी आधी बोललो, तू मागून. तसं नव्हतं. एकत्रच बोललो.)

"म्हणजे," विद्याधर म्हणाला, "दोन नावं आहेत. एक घरातलं."

"घरातलं कुठलं?"

"सावनी."

"आन् आई बाहीरचं नाव सांगतीया?" सिद्राम म्हणाला. "आई?"

मग पलीकडे जाऊन त्याने विद्याधरच्या बाजूच्या खिडकीतून हात घातला आणि गाडीची चावी काढून घेतली. अगदी सावकाश. खिशात टाकली. मोबाइल कानाला लावला. त्याचा फोन लागला. "या रं," तो म्हणाला. "बाभळीखाली. पांढरी गाडी."

*

माणसं कशी जमली ते मला सलग सांगता येत नाही. आधी कुणी नव्हतं. मग होती. मोटारसायकली आडव्या लागल्या. बागेतून दोघं धावत आले, हातात डाळिंबाची छाटणी करायच्या कात्र्या. एकाच्या हातात काठी, एकाच्या हातात चाक खोलायची टॉमी, हात ग्रीसने काळे. तो पंक्चरवाला होता. ज्याला बोलवायला जायचं की नाही यावर आम्ही मघापासून घासाघीस करत होतो, तो आपणहून आला होता.

"चॉकलेटं हायेत बगा. पिशवीच हाय."

"फ्रॉक नवा कोरा. चिठ्ठी बी काढली न्हाई."

"केस भादरल्यात. ओळखू यायला नको म्हनून."

"ए बाई, उतर खाली."

विद्याधर फाइल उघडून कागद दाखवत होता. "हे बघा, शिक्का आहे, फोटो आहे हिचा. सरकारी कागद आहे. तुम्ही वाचा तरी."

"कागद समद्यांकडं आस्त्यात," कुणीतरी म्हणालं आणि फाइल त्याच्या हातातून गेली.

मग मला विद्याधरची पाठ दिसली, मग त्याचा शर्ट मुठीत धरलेला एक हात. आवाज फार मोठा आला नाही. तो वळला तेव्हा त्याच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं आणि तो अजून म्हणत होता, वाचा तरी, वाचा तरी.

सगळे त्याच्या बाजूला होते. माझ्या बाजूचं दार मोकळं होतं.

रस्त्यापलीकडे एक घर होतं. पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण, कडेने गुडघ्याएवढी दगडांची रास रचलेली. अंगणात एक म्हातारी सूप घेऊन मटकी पाखडत होती. इकडे एवढं चाललं होतं, तरी तिने पाखडणं थांबवलं नव्हतं. बाजूला चुलीतून धूर येत होता.

मी दार उघडलं. पोरीला उचलून कमरेवर घेतलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं. आणि चालायला लागले. पळाले नाही. रस्ता ओलांडताना पाय माझे नव्हतेच, दुसऱ्या कुणाचे तरी लावून दिल्यासारखे होते. मागून ओरडा आला. "बाई चालली! ए, बाई चालली!" चपलांचा आवाज आला. मी मागे बघितलं नाही. दगडांच्या मधून आत गेले, म्हातारीसमोर उभी राहिले.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वाचवा म्हणायचं होतं बहुतेक. तोंडातून आलं ते असं:

"जरा मीठ-मिरच्या देता का? लेकराची दृष्ट काढायचीय."

*

म्हातारीने सूप खाली ठेवलं. मला पाहिलं. तिला पाहिलं. माझ्या मागून येणाऱ्यांना पाहिलं.

"उभी का?" ती म्हणाली. "टेक की. सावलीत टेक."

मी चुलीजवळ बसले. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, मूठ भरून बाहेर आली. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. तोवर माणसं अंगणाच्या कडेला येऊन पोचली होती. सिद्राम सगळ्यांत पुढे.

"गौरक्का, ती पोरं चोरनारी..."

गौरक्काने एक बोट वर केलं. बोलली नाही. मूठ पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवायला लागली. ओठ हलत होते. आल्याची, गेल्याची, वाटेवरच्याची, बघून न बोललेल्याची.

दृष्ट काढताना कुणी बोलत नाही. आमच्या मिरजेच्या घरीही नाही, आणि या माळावरही बोलत नसावेत. सिद्रामचं तोंड अर्धं उघडं राहिलं. कात्रीवाले थांबले. मागून ढकलणाऱ्याला पुढच्याने कोपराने दाबलं. पंक्चरवाल्याने टॉमी काखेत धरली. पायातल्या चपला सारवलेल्या अंगणात आल्यात हे एकाच्या लक्षात आलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

(विद्याधर म्हणतो, तेव्हा त्याचाही शर्ट सोडला होता. त्याला रस्त्यावरून अंगण दिसत होतं. इतक्या माणसांत एवढी शांतता त्याने कधी अनुभवली नव्हती.)

गौरक्काने मूठ चुलीत टाकली. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, फुगल्या.

ठसका लागतो का, याची सगळे वाट बघत होते; नाही लागला तर दृष्ट लागलेलीच. मीसुद्धा.

एकालाही ठसका लागला नाही.

"बगा," गौरक्का म्हणाली. "केवढी लागली हुती."

कुणीतरी हुंकार दिला. एक म्हातारा हळूच म्हणाला, "लय लागली हुती."

आणि तेवढ्यात ती जागी झाली.

*

आधी डोळे किलकिले केले. मग चूल बघितली. मग उठून बसली माझ्या मांडीवर, एक हात माझ्या छातीवर टेकून. फ्रॉकच्या लेबलाने तिची काख खाजवली असणार, ती ते ओढत राहिली.

गौरक्का तिच्यासमोर उकिडवी बसली. "बाळ, नाव काय गं तुजं?"

"आरती."

मी श्वास सोडला. विद्याधरलाही आता आणलं होतं, दोघांनी दंडाला धरून. त्याने मान खाली घातली.

"बरं. आन् ही कोन?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. सकाळपासून इतक्या जवळून तिने मला बघितलंच नव्हतं. सकाळी ती ओकत होती, मग झोपली होती. माझ्या नाकाकडे, चष्म्याकडे, रडले नव्हते तरी ओल्या झालेल्या डोळ्यांकडे ती आळीपाळीने बघत राहिली. मी मनात म्हणत होते, म्हण. एकदाच म्हण. खोटं का होईना.

"पाहुणी," ती म्हणाली.

त्याचं असं होतं. आम्ही तिला भेटायला संस्थेत जायचो तेव्हा तिथल्या मावश्या मुलांना ओळीत उभं करून सांगायच्या, पाहुणे आलेत, गाणं म्हणा. ती आमच्यासाठी गाणं म्हणायची. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि परत जायचो. तिच्या लेखी मी दुसरी कोण असणार?

पण ते अंगणात कुणाला ठाऊक? जो आवाज दृष्टीसाठी थांबला होता तो परत आला, मघापेक्षा मोठा.

"ऐकलंसा गौरक्का? पोरगीच सांगतीया!"

"बांदा दोघास्नी!"

काठी वर गेलेली मी पाहिली. मी तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली ओढलं.

"खरं आहे ते," मी म्हणाले.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. पुन्हा म्हणाले. "खरं सांगतेय ती. मी पाहुणीच आहे. हिला आई नव्हती. संस्थेत होती. आम्ही घरी नेतोय. आज सकाळपासून. तिला अजून माहीत नाही मी कोण."

"मग मगाशी आपलंच पोर आसल्यागत का बोललासा?" सिद्राम म्हणाला.

"कारण आमचं आहे."

त्याने गौरक्काकडे पाहिलं. बाकीचे ओरडायला लागले. खोटं हाय, नाटक हाय, आईबिगर पोरं काय गाडीत घालून नेत्यात व्हय. मघाशी लय लागली हुती म्हणाला होता तो म्हातारा पुढे आला. डोक्याला पांढरं मुंडासं. त्याने हात वर केला आणि लोक जरा ओसरले.

"हे बगा ताई," तो म्हणाला. शांत बोलत होता. "तुमचं खरं बी आसंल. आमाला काय कळतंय? एक करा. पोरगी ऱ्हाऊ द्या गौरक्काकडं. तुमी दोघं जावा. फाट्यावर यष्टी मिळंल, ठाण्यात जावा, पोलीस घेऊन या. तवर पोरीला कोन बोट लावनार न्हाई. तुमास्नी बी न्हाई. मी सांगतो."

आणि त्याने हाताने खूण केली. माणसं खरोखरच बाजूला झाली. अंगणापासून रस्त्यापर्यंत वाट तयार झाली. तिच्या टोकाला आमची बसलेली गाडी दिसत होती.

"वैजू," विद्याधर म्हणाला. दात रक्ताने लाल झाले होते. "चल. बरोबर आहे ते. तासाभरात येऊ परत. पोलिसांना घेऊनच येऊ."

बरोबरच होतं. आजही तो म्हणतो की ते बरोबर होतं. पोरगी सुरक्षित राहिली असती. आम्ही वाचलो असतो. मदत मिळवायचा तो एकच धड मार्ग त्या दुपारी आमच्यासमोर आला होता, तोही न मागता. माझे पाय उठायला बघत होते. खोटं कशाला बोलू, अर्धी उठलेसुद्धा. गौरक्काने तिला घ्यायला हात पुढे केले.

तिने लेबल सोडलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

रडली नाही. चेहऱ्यावर काही नव्हतंच. उठून निघालेली माणसं बघायची तिला सवय होती. पाहुणे येतात, टाळ्या वाजवतात, उठतात. ती आता हात हलवून टाटा करेल असं मला वाटलं. खरंच तिचा हात थोडा वर आला होता.

मी खाली बसले.

"नाही," मी म्हणाले.

"वैजू!"

"पोलीस तुम्ही बोलवा," मी त्या म्हाताऱ्याला म्हणाले. "तुमचे फोन लागतात. ठाण्यात लावा. मिरजेला लावा. कुणालाही लावा. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही. ही माझ्या मांडीवर राहील. नाहीतर मारा. पण मी जाणार नाही."

"आमी बोलवायचं पोलीस?" सिद्राम म्हणाला.

"तुम्हीच बोलवा."

"तुमच्यासाठी?"

"हो."

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मुंडाशाखाली बोट घालून कपाळ खाजवलं. काठी अजून वरच होती, पण आता ती धरणाऱ्याचा हात दुखत असावा. तिथे पुढे काय झालं असतं मला माहीत नाही. अनेकदा विचार केलाय. दोन्ही होऊ शकत होतं.

"पाहुणी," ती म्हणाली.

मी ऐकलंच नाही. तिने माझी ओढणी खेचली.

"पाहुणी. शू आलीय."

*

गौरक्का उठली. "ये बाई, मी नेते. ये माज्या संगं."

तिने मान हलवली. गौरक्काच्या हाताकडे पाहिलं, भोवतीच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, आणि माझं एक बोट मुठीत घट्ट धरलं. नखं रुतली.

मी उठले. तिने ओढलं तशी चालले. आडोसा कुठेच नव्हता. अंगणाला भिंत नव्हती. घराच्या कडेला दगडांच्या राशीजवळ गेलो, तर तिथेही माणसं, रस्त्याकडे माणसं, बागेकडे माणसं. मी तिचा फ्रॉक वर धरला. ती बसेना.

"सगळे बघतायत," ती म्हणाली. संस्थेतल्या मोठ्या मुलीसारखी, वैतागून. "त्यांना सांग ना तिकडं बघायला."

मी मान वर केली. काठी, कात्र्या, टॉमी. ज्या चेहऱ्यांकडे मघापासून बघायची हिंमत झाली नव्हती, त्यांच्याकडे बघितलं.

"तिकडं तोंड करा," मी म्हणाले. आणि कोण जाणे कुठून, आवाज चढला. "जरा लाज धरा! लेकरू बसायचंय!"

आधी म्हातारा वळला. मग कात्रीवाले. मग एकेक करून सगळे, विद्याधर आणि त्याचे दंड धरणारे दोघंसुद्धा. बघता बघता तिथे एकही चेहरा उरला नाही. नुसत्या पाठी होत्या, घामाने अंगाला चिकटलेले शर्ट आणि मानेवर ऊन.

ती बसली. तोल जाऊ नये म्हणून एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. माझा गुडघा इतका हलत होता की तिने वर बघून मला सांगितलं, "हलू नको."

बराच वेळ लागला तिला. कुणी हललं नाही. कुणी खोकललंही नाही.

मग सिद्राम, पाठ तशीच ठेवून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "ताई, चाक कुठलं गेलंय?"

"पुढचं," मी म्हणाले. "डावं."

पंक्चरवाल्याने काखेतली टॉमी हातात घेतली आणि मागे वळून न बघता गाडीकडे निघाला.